‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं लिहून देण्याआधी

केरसुणी
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आज अडले आहे म्हणून धागा काढतेय.

मी आणि नवरा पुण्यात अकरा वर्षं हाउसकीपिंगचा धंदा करतो. बाणेर, हिंजवडी, खराडीकडची काही ऑफिसं आणि दोन सोसायट्या. पगारपत्रकावर ६४ माणसं. यातल्या एका ऑफिसची मूळ कंपनी ब्रिटनमधली आहे. त्यांच्याकडून एक प्रश्नावली आली, ४१ प्रश्नांची. विषय ‘आधुनिक गुलामगिरी’. नवरा म्हणाला, ‘लिहून टाक, आमच्याकडे कुणाच्या पायात बेड्या नाहीत.’ मीही चहा पीत पीत ‘नाही, नाही, लागू नाही’ असं टिक करत चालले होते.

सतराव्या प्रश्नावर हात थांबला. कामगारांची मूळ ओळखपत्रं कुणाच्या ताब्यात असतात? तर माझ्या ऑफिसच्या खणात नऊ जणांची मूळ आधार कार्डं आहेत. पीएफच्या नोंदणीला घेतली होती, परत द्यायची राहिली. म्हणजे मी स्वतःला तसं सांगत आलेय. खरं हे की सुपरवायझर म्हणाला होता, ‘राहू द्या मॅडम, युनिफॉर्म घेऊन पळतात’, आणि मी राहू दिली.

तेविसावा प्रश्न पोटकंत्राटदारांबद्दल होता. शनिवार-रविवारच्या डीप क्लीनिंगला आम्ही एका कंत्राटदाराची टोळी घेतो. चौदा ते अठरा माणसं, बहुतेक नंदुरबारकडची. चार वर्षं येताहेत. मस्टरवर त्यांची नावं असतात, खाली माझी सही असते. त्यातलं एकही नाव मला चेहऱ्यासकट सांगता येणार नाही.

आता हे खरं भरायचं तर काय भरू? आणि बघायचं तर नक्की काय बघू? सल्लागार लोकांनी चाळीस हजार मागितले, त्यात एक छापील धोरण मिळणार आणि भिंतीवर लावायला फ्रेम.


रोखठोक
सोमवार, रात्री ११:२०

दीडशे वर्षं आपल्याला लुटून झालं, आता आपल्यालाच गुलामगिरीवर परीक्षा द्यायला लावतात. टिकमार्क करा, पाठवा, झोपा. कोणी वाचत नाही. तुमच्याकडे येणाऱ्याला कोणी दोरीने बांधून आणलंय का? स्वतःच्या पायांनी येतो, पैसे घेतो, जातो.


वकिलीण_कोल्हापूरची
मंगळवार, सकाळी ७:४०

रोखठोक, परीक्षा गोऱ्यांची असली तरी उत्तर आपल्या घटनेत आहे. कलम २३: वेठ आणि सक्तीच्या मजुरीला बंदी. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा, त्याचा अध्यादेश त्याआधी ऑक्टोबर १९७५ चा. ब्रिटनचा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा २०१५ चा आहे. चाळीस वर्षं आपण पुढे आहोत, निदान कागदावर.

‘स्वतःच्या पायांनी येतो’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात १९८२ मध्येच निकालात निघाला. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती, मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मिळत होतं. न्या. भगवतींच्या खंडपीठाने सांगितलं की सक्ती म्हणजे फक्त दंडुका नव्हे. भुकेपोटी माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला तयार होतो, तीसुद्धा सक्तीच, आणि तसं काम करून घेणं हा कलम २३ चा भंग. हा निकाल वाचला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरच्या मोलकरणीचा हिशेब पुन्हा करावासा वाटेल. असो, तो वेगळा धागा.

केरसुणीताई, १९७६ च्या कायद्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आगाऊ पैसे देणं हा गुन्हा नाही. त्या पैशांच्या बदल्यात माणसाची काम सोडण्याची, दुसरीकडे काम करण्याची, हिंडण्याफिरण्याची मोकळीक गेली किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमी मिळालं, की ती वेठबिगारी. आणि ‘हे वेठबिगारीचं कर्ज नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही.


लंडनची_थंडी
मंगळवार, दुपारी २:१५

मी इथे खरेदी विभागात आहे, असल्या प्रश्नावल्या पाठवणाऱ्यांपैकीच. बोलणी खायला तयार आहे.

इथल्या कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे ३.६ कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी निवेदन काढावं लागतं, की आपल्या धंद्यात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी नाही हे बघायला आम्ही काय केलं. संचालकाची सही लागते, संकेतस्थळावर ठेवावं लागतं. तुमच्या कंपनीला हा कायदा थेट लागू नाही. तो वरून खाली झिरपत तुमच्यापर्यंत आलाय. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा आणि जर्मनीचा २०२३ पासून लागू झालेला कायदाही असेच झिरपतात.

कोणी वाचत नाही हे अर्धं खरं आहे. सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं की संगणक हिरवा ठिपका दाखवतो आणि आम्ही पुढे जातो. म्हणून सांगते, जी प्रश्नावली पूर्ण हिरवी येते तिच्यावर आमच्यातल्या जुन्या माणसांचा विश्वास कमी असतो.

काय बघायचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अकरा खुणा आहेत, पण मी इथलं एक प्रकरण सांगते. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमकडे एका पोलिश टोळीला शिक्षा झाल्या. चारशेहून जास्त माणसं अडकवली होती असा अंदाज होता. ती माणसं तळघरात कोंडलेली नव्हती. शेतमालाच्या शेडमध्ये, कचरा वेगळा करायच्या कारखान्यांत, रीतसर एजन्सीमार्फत, रीतसर पगारपत्रकावर होती. पगार बँकेतच जायचा. फक्त त्या बँक खात्यांचा ताबा टोळीकडे होता. तेव्हापासून इथे पगार खात्याचा तपशील तपासतात: एकाच खात्यात चौघांचा पगार जातोय का, एकाच पत्त्यावर बारा जण राहतात का, सगळ्यांसाठी एकच माणूस फोन उचलतो का.


खडूस_लेखापाल
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

प्रश्नावली नंतर भरा. आधी तुमच्या डीप क्लीनिंगवाल्याचा दर सांगा. माणशी, महिन्याच्या हिशेबाने.


केरसुणी
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

तो रोजावर घेतो. महिन्यावर आणला तर माणशी साडेसोळा हजारांच्या आसपास. त्यात त्याचा नफाही आला.


खडूस_लेखापाल
मंगळवार, संध्याकाळी ७:१०

मग उत्तर मिळालं तुम्हाला. घरी बसून, कुणालाही न भेटता.

उदाहरणापुरतं धरू की मूळ आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. मालकाचा पीएफ खर्चासकट १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४८७.५०. बोनस ८.३३ टक्के, साधारण १,२५०. बेरीज १८,६८७. अजून रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, युनिफॉर्म नाही, रिलीव्हर (सुट्टीवरच्याच्या जागी येणारा बदली माणूस) नाही, पठ्ठ्याचा नफा नाही, त्याचा टेंपो नाही. तो तुम्हाला साडेसोळात देतो. मधले पैसे कोण भरतंय? कंत्राटदार तर भरत नाही, तो काही धर्मादाय संस्था नाही.

कोटेशन हाच पहिला पुरावा असतो. मी तीस वर्षं पीएफचं काम करतो. पीएफ भरल्याचं चलन बघण्याआधी मी दर बघतो.

दुसरं, चलनही बघाच. ‘पीएफ भरलाय’ म्हणून चलनाची झेरॉक्स देतात, ती दुसऱ्याच साइटची असते. ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणात, नावं असतात, ती मस्टरशी जुळवा. माणसाच्या मोबाइलवर त्याचं स्वतःचं पासबुक उघडून बघा. यूएएनला (कामगाराच्या कायमच्या पीएफ क्रमांकाला) जोडलेला मोबाइल नंबर मुकादमाचा निघाला तर समजून जा.

तिसरं, ‘ती माणसं माझी नाहीत, कंत्राटदाराची आहेत’ हे वाक्य विसरा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे त्याला काम देणाऱ्याने, द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही आहे. या साखळीत त्या कामापुरत्या तुम्हीही कुणाच्या तरी मूळ मालक आहात.


कोयत्याचं_पोर
मंगळवार, रात्री ९:४५

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे. आता मी पिंपरीत नोकरी करतो. हा विषय निघाला की गप बसवत नाही.

आमच्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. दिवाळीच्या आसपास गाडी येते. मग सहा महिने ऊस तोडायचा आणि उचल फेडायची. एक दिवस आजारी पडलं की खाडा. खाड्याचा दंड दिवसाच्या कमाईएवढा किंवा जास्त. २०१९ साली बीडच्या बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा शहरातली माणसं हळहळली. त्यामागे हा खाडाही होता. पाळीच्या दिवसात बसून राहायची ऐपत नसते.

एका वर्षी हंगाम संपला आणि उचल फिटली नाही. एकवीस हजार राहिले. बापाला पुढच्या वर्षी आणखी लांब कर्नाटकात जायला लागलं, त्याच मुकादमाबरोबर, त्याच्याच दराने. दुसरा मुकादम जास्त देत होता. पण जाता येत नव्हतं. कोणी बांधलं नव्हतं रोखठोक साहेब. बाप मुकादमाला भाऊच म्हणायचा. लग्नकार्याला तोच उभा राहायचा.

ताई, तुमची नंदुरबारची माणसं उचल घेऊन आलेली असणार. विचारून बघा. पण मुकादमासमोर विचारू नका.


रोखठोक
मंगळवार, रात्री १०:१०

कोयत्याचं पोर, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. माझा मुद्दा वेगळा आहे. केरसुणी बाईंनी उद्या कायदेशीर दर लावला तर क्लायंट दुसऱ्याला काम देईल. मग ६४ लोकांचं काय? मी स्वतः कॅन्टीन चालवत होतो, याच कारणाने बंद केलं. प्रश्नावली पाठवणारा आणि ‘दर कमी करा’ म्हणणारा एकच असतो हो.


केरसुणी
मंगळवार, रात्री १०:२५

रोखठोक, हसावं की रडावं कळत नाही. ज्या आठवड्यात ही प्रश्नावली आली त्याच आठवड्यात त्याच कंपनीची दुसरी मेल आहे: कंत्राटाच्या नूतनीकरणासाठी दरात ८ टक्के कपात सुचवावी. आणि आमचं बिल निघतं पंचाहत्तर दिवसांनी. पगार मात्र मला ७ तारखेच्या आत करावा लागतो, करतेही. मधल्या दिवसांसाठी सोनं गहाण टाकलेलं आहे.


लंडनची_थंडी
मंगळवार, रात्री ११:००

यावर माझ्याकडे बचाव नाही. दोन विभाग, दोन मजले, एकमेकांशी बोलत नाहीत. पण एक करून बघा: खडूस काकांनी मांडला तसा हिशेब प्रश्नावलीला जोडा. ‘या दरात कायदेशीर वेतन एवढं, कपात केल्यास ते बसत नाही’ असं लेखी. गुलामगिरीच्या प्रश्नावलीतलं उत्तर म्हणून ते आलं की खरेदीवाल्याला ते कचऱ्यात टाकता येत नाही. मी टाकू शकणार नाही, एवढं सांगते.


खडूस_लेखापाल
मंगळवार, रात्री ११:०५

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, तेही लेखी करार असेल तर. करार नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर आयकर कायद्याप्रमाणे पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक मोठ्या अक्षरात छापा. क्लायंटचा सीए माझ्यासारखाच खडूस असेल तर काम होईल.


दोनापावला
बुधवार, सकाळी ९:३०

गोव्यातून लिहितोय. मी पूर्वी क्रूझ जहाजावर हाउसकीपिंगलाच होतो. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि खलाशाकडून नोकरी लावल्याचे पैसे घेता येत नाहीत. तरी गावागावात ‘पुढचा माणूस’ असतो, तो मेडिकलच्या नावाखाली, ट्रेनिंगच्या नावाखाली घेतो. मी दिले होते, आईच्या बांगड्या मोडून. पहिले पाच महिने केबिन साफ करताना डोक्यात तेवढंच चालू असायचं. कप्तान ओरडला, चौदा तास राबवलं, तरी उतरून घरी जाता येत नाही. कर्ज किनाऱ्यावर वाट बघत असतं.

तुमच्या स्वतःच्या ६४ माणसांनाही विचारा, नोकरी लागताना तुमच्या सुपरवायझरला कुणी काही दिलं का.

(म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत अडकलेल्या पोरांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणलं. तीही ‘चांगल्या नोकरी’च्या जाहिरातीवरच गेली होती. पण त्यावर वेगळा धागा हवा.)


पाणीवाली_सोसायटी
बुधवार, दुपारी १२:५०

आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी होते. सेप्टिक टँक साफ करायला आलेल्या माणसाला मी ‘खाली उतरायचं नाही, यंत्र आणा’ म्हटलं. तर तो म्हणाला, ‘नाही उतरलो तर मालक पैसे कापतो, आधीचे पण घेतलेत.’ सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाला तर भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आम्ही यंत्राचे जास्त पैसे दिले, पुढच्या सभेत माझ्यावर ताशेरे. ‘नाही’ म्हणता येतं का, एवढंच विचारलं तरी पुष्कळ कळतं, असं माझं मत झालंय.


केरसुणी
रविवार, रात्री ११:४०

उशिरा आले. माझ्या हातून चूक झाली आहे, ती लिहिते.

आधार कार्डं बुधवारीच परत केली. नऊपैकी सात जणांनी काही न बोलता घेतली. एक मावशी म्हणाल्या, ‘मला वाटलं जमाच असतं.’ त्या पाच वर्षं माझ्याकडे आहेत. दोनापावला यांचा प्रश्नही विचारला, एकेकट्याला. अकरा जणांनी सुपरवायझरला दोन ते पाच हजार दिले होते, नोकरी ‘लावल्याबद्दल’. मला गंधही नव्हता. सुपरवायझर माझ्या लग्नाआधीपासून नवऱ्याच्या ओळखीचा. सध्या घरात यावर बोलणं बंद आहे. पैसे आम्ही परत केले आणि त्याच्या पगारातून हप्त्याने वळते करतोय. त्याला काढला नाही. काढायला हवा होता का, ठाऊक नाही.

आता चूक. मागच्या आठवड्यात शनिवारी टोळी आली. आमच्याकडे नंदुरबारमधल्याच धडगावकडची एक बाई आहे, तिथली पावरी भाषा बोलते. ती चहाच्या वेळी दोघीतिघींशी बोलली. जेमतेम वीस मिनिटांत सगळं बाहेर आलं. प्रत्येकाची पंधरा ते पंचवीस हजार उचल. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्डं आणि पिन मुकादमाकडे. तोच काढतो, उचलीचे, पत्र्याच्या खोलीचे, गॅसचे कापून आठवड्याला ‘खर्ची’ देतो. गावी कुणी मेलं तरी उचल फिटेपर्यंत जायचं नाही. एक मुलगी तर पंधराची वाटत होती, फरशीवर ॲसिड टाकत होती.

मी तिथल्या तिथे मुकादमाला बोलावलं आणि झाडलं. ‘पुढच्या शनिवारी प्रत्येकाचं कार्ड प्रत्येकाच्या हातात दिसलं पाहिजे.’ तो म्हणाला, ‘हो ताई, दिसेल की.’

काल सोळा माणसं आली. सगळे नवीन चेहरे. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं एटीएम कार्ड. एकसारखं हसत होते.

आधीचे सोळा कुठे गेले मला माहीत नाही. वाकडकडच्या त्या पत्र्याच्या खोल्यांना कुलूप आहे.


कोयत्याचं_पोर
रविवार, रात्री ११:५५

म्हणून म्हटलं होतं ताई, मुकादमासमोर नाही.


वकिलीण_कोल्हापूरची
सोमवार, सकाळी ७:००

झालं ते झालं. हे अनुभवी माणसांच्याही हातून होतं. मालकाच्या तोंडून प्रश्न गेला की माणसं हलवली जातात.

पुढचं सांगते. एक, त्या कंत्राटदाराचं काम आज तोडू नका. तोडलंत तर नवे सोळाही नजरेआड जातील, आणि दुसऱ्या कुठल्या साइटवर कमी दरात. दोन, मस्टर, बिलं, बँकेत पगार गेल्याचे उतारे, सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. तुमच्या सहीचं मस्टर आता पुरावा आहे, तुमच्याविरुद्धही आणि त्यांच्या बाजूनेही. तीन, १९७६ च्या कायद्यात अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे आहेत, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. उपविभागीय दंडाधिकारी चौकशी करून मुक्तीचा दाखला देतात. त्या दाखल्याने कर्ज रद्द असल्याचा पुरावा हाती येतो आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेचा रस्ता उघडतो: ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत, पुढे प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अत्यंत वाईट प्रकरणात ३ लाख. पुढची रक्कम बहुतेक खटल्याच्या निकालाशी जोडलेली असते, म्हणून हातात पडायला वर्षं जातात, हेही सांगते. मुलीसाठी १०९८, म्हणजे मुलांची हेल्पलाइन.

एकटीने जाऊ नका. वेठबिगारीवर काम करणारी संघटना बरोबर घ्या. वसई-भिवंडीच्या पट्ट्यात ऐंशीच्या दशकात श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांना असंच एकेक करून दाखल्यापर्यंत नेलं, त्या कामासाठी संघटनेच्या संस्थापक पंडित दांपत्याला १९९९ मध्ये लंडनच्या संस्थेचा गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. तहसील कचेरीत काय बोलायचं, कुणाला आधी भेटायचं, हे अशा माणसांना माहीत असतं.


केरसुणी
शुक्रवार, रात्री १०:१५

दोघींचा पत्ता लागला. आमच्या धडगावच्या बाईने त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवला होता, मला न सांगता. हुशार माझ्यापेक्षा. त्या तळेगावकडे एका बांधकामावर आहेत. मुलीचं वयही कळलं, सोळा पूर्ण. १०९८ ला फोन केला, संघटनेच्या ताईही बरोबर होत्या. मुलगी आता बालकल्याण समितीसमोर आहे.

दुसरी बाई, तिशीची, माझ्याकडे कामाला येऊ म्हणते. तिची उचल ११,००० राहिली आहे असं मुकादम सांगतो. तिचा हिशेब वेगळा आहे, कारण चार महिन्यांचा पगार खात्यात जमा झालाय, बँकेचा उताराच दाखवतो. पण मुकादम तिच्याच तालुक्यातला. गावात तिच्या भावाला जाऊन बोलून आलाय.

मी ११,००० फेकून मोकळी करू शकते. करावं का?


कोयत्याचं_पोर
शुक्रवार, रात्री १०:३०

द्या आणि सोडवा. आमच्या बापाचे एकवीस हजार कोणी दिले असते तर मी दहावीचं वर्ष वाया घालवलं नसतं. कायदा बरोबर आहे, पण कायदा रात्री भावाच्या दारात उभा नसतो.


वकिलीण_कोल्हापूरची
शुक्रवार, रात्री १०:५०

तुमचं दुःख समजतं, तरी सांगते, देऊ नका. ते कर्ज कायद्याने संपलेलं आहे. ते वसूल करणं हाच गुन्हा. तुम्ही भरलेत की मुकादमाच्या हातात पुढच्या बाईची उचल तयार. शिवाय उद्या तीच बाई ‘ताईंनी सोडवलं’ म्हणून तुमच्या ऋणात. तिला तुमच्याकडचं काम नको झालं तर ती सांगू शकेल?


कोयत्याचं_पोर
शुक्रवार, रात्री ११:१०

शेवटचं वाक्य बरोबर आहे तुमचं. पहिल्या भागाबद्दल मी अजून तयार नाही.


रोखठोक
शनिवार, सकाळी ८:२०

तिलाच विचारा ना. आपण सगळे तिच्याबद्दल बोलतोय.


केरसुणी
पुढचा गुरुवार, रात्री ९:००

रोखठोक, तुमचं ऐकलं. ती म्हणाली, पैसे देऊ नका, नाहीतर तो सगळ्यांकडे दोनदा मागेल. पोलीसही नको, भाऊ गावात राहतो. साहेबांपुढे बसून बोलायची तयारी आहे, पण एकटी नाही, आधीच्या सोळांतले आणखी चार आले तर. संघटनेच्या ताई त्या चौघांशी बोलताहेत. प्रांत कचेरीची तारीख मिळाली आहे. तोपर्यंत ती माझ्याकडे कामाला लागली. नेमणूकपत्र दिलं, खातं नवीन उघडलं, कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीत. पहिल्या दिवशी तिने विचारलं, ‘सोडायचं असलं तर किती दिवस आधी सांगायचं?’ मी म्हटलं, सांगून जा, हिशेब दोन दिवसांत. कायदाही आता तेच म्हणतो.

आमच्याकडची उचलही बदलली. पूर्वी नवरा खिशातून द्यायचा आणि आठवेल तसा कापायचा. आता वही आहे, दोघांच्या सह्या, व्याज नाही, महिन्याला पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त कापायचं नाही, आणि काम सोडताना बाकी राहिली तर ती आमची बुडीत. नवरा म्हणाला, ‘सगळे बुडवतील.’ तीन आठवड्यांत एकाने बुडवली. अठराशे रुपये.

डीप क्लीनिंगचं काम पुढच्या महिन्यापासून आम्ही स्वतःच करणार. नव्या सोळांपैकी ज्यांना यायचं त्यांना आमच्या पगारपत्रकावर. सात जण हो म्हणाले, बाकीचे विचार करताहेत, कुणाकडे बघून ते मला कळतं. दर माणशी साडेबावीसवर जातोय. एका सोसायटीने नको म्हणून सांगितलं. ब्रिटिश क्लायंटला खडूस काकांचा हिशेब जोडून पाठवला.

प्रश्नावलीही पाठवली. सतराव्याला लिहिलं: मालकिणीकडे होती, परत केली. तेविसाव्याला पानभर. लगेच संगणकाचं उत्तर आलं. आमच्या नावापुढे लाल ठिपका, आणि पंधरा दिवसांत सुधारणा आराखडा द्या, अन्यथा नूतनीकरण स्थगित. जो स्पर्धक आमच्याहून दोन हजार कमी घेतो, त्याचा ठिपका हिरवा आहे. त्याच्याच माणसाने सांगितलं.


लंडनची_थंडी
गुरुवार, रात्री ९:४०

लाल ठिपक्यावर निदान माणसाचा फोन येतो. आला की बोलण्याआधी मला निरोप करा. आणि आराखड्यात नवीन काही लिहू नका, जे केलंय तेच तारखांसकट लिहा.


खडूस_लेखापाल
गुरुवार, रात्री ९:५५

सात नव्या माणसांचे यूएएन आधी तपासा, जुन्या कंत्राटदाराने दुसऱ्याच नंबरांनी काढले असतील. ईसीआर उद्या पाठवा. फी नको, पण सकाळी अकराच्या आत.